लाल सायकल खोलायची का

सातारा,
८ जानेवारी २०२५

ती. अब्बांना सुरय्याचा सलाम. वि. वि.

फोनवर मी एक बोलते आणि तुम्हाला भलतंच ऐकू येतं, म्हणून लिहिते. कानाचं यंत्र तुम्ही डबीतच ठेवता, अशी अम्मीची तक्रार आहे.

माझी लाल रेसर सायकल तुमच्या जावयांनी, रिजवाननी, ओळखीच्या टेम्पोतून तुमच्या दुकानावर पाठवली आहे. तीन वर्षं ती गॅलरीत चादरीखाली उभी होती. कपडे वाळत घालताना रोज तिला वळसा घालायचा. शिरवळच्या कंपनीत सकाळची पाळी असली की चारला उठावं लागतं, आणि घरी येईपर्यंत पायांतलं त्राण गेलेलं असतं. आता कोण चालवणार ती?

कंपनीत माझ्या शेजारी ब्राह्मी म्हणून मुलगी बसते, तुमच्या सांगलीकडचीच. तिला ती हवी आहे. यवतेश्वरचा घाट चढायची तिला फार हौस. महिनाअखेरीस सायकल देते, असं मी तिला म्हटलंय. तुम्ही नुसतं तेलपाणी करा आणि परत पाठवा. फार खोलात जाऊ नका. नाहीतर गिऱ्हाईक ताटकळत ठेवून माझ्याच सायकलपाशी बसाल.

अम्मीला सलाम. माया आहे म्हणून हक्कानं काम सांगते, ती कमी होऊ देऊ नका.

तुमची,
सुरय्या


माधवनगर,
१५ जानेवारी २०२५

चि. सुरय्याला अब्बाच्या अनेक दुवा. वि. वि.

सायकल पोचली. चाकं आऊट न्हाईत, गिअर नव्यासारखं हायत. असला माल माझ्या दुकानात सालात एकदा येतो.

पन हँडलखाली फ्रेमचा जोड हाय, तिथं थिनरचं फडकं फिरवलं तर लाल रंग निघून आला. नेलपॉलिश हाय त्ये. त्याच्या खाली बोटभर तडा. ही फ्रेम अल्युमिनियमची. वेल्डिंग मारून दिसायला नीट होईल, पन मी त्यावर कुनाला बसवनार न्हाई. घाट उतरताना तुटली तर चालवनारा हँडल हातात घिऊन पुढं जाईल.

पुढचं चाक धरनारा चिमटाबी मागं दाबलाय. म्हंजी सायकल समोर कशावर तरी जोरात आदळल्या. तू तर खांद्याचं हाड जिन्यावरनं पडून मोडलं म्हनाली होतीस. जिन्यावरनं सायकल पडत न्हाई, बेटा.

माझं म्हननं, सगळी खोलू, चांगलं पार्ट सुटं करू आन् फ्रेम भंगारात घालू. पन सायकल तुझ्या कमाईची. पुन्यास्नं एका पोराकडनं जुनी घेतलीस तवा किती नाचत आली होतीस, त्ये मला ठावं हाय. तू सांगशील तवाच पाना लावतो. तंवर भिंतीला टेकून ठेवल्या. तुझी अम्मी इचारती, अजून का झाली न्हाई. एक पार्ट यायचाय म्हनून सांगितलंय.

रिजवानला दुवा. रागावलो न्हाई, तवा राग धरून पत्र थांबवू नको.

अब्बा


सातारा,
२३ जानेवारी २०२५

ती. अब्बांना सलाम. वि. वि.

तुमचं पत्र चार दिवस पर्समध्येच घेऊन फिरले. कंपनीच्या बसमध्ये लिहायला घ्यायची आणि डोळा लागायचा.

जिना खोटा होता. यवतेश्वरहून उतरत होते. वळणावर म्हैस आडवी आली म्हणून ब्रेक दाबले. ब्रेक चांगले लागले, सायकल थांबलीच होती जवळजवळ. तेवढ्यात मागून जीप घासून गेली आणि मी कठड्यावर गेले. जीपवाला थांबला नाही. म्हशीमागच्या बाईनं मला उठवलं, पदरानं तोंड पुसलं. रिजवानना सगळं सांगितलं, तुम्हाला नाही. अम्मी सायकल नको म्हणत असताना तुम्ही माझ्या बाजूनं भांडला होता. खरं सांगितलं असतं, तर तिनं ते आयुष्यभर तुम्हाला ऐकवलं असतं. हाड जुळल्यावर परत चालवीन असं ठरवलं होतं, पण पेडलवर पाय ठेवला की मागून गाडी आल्यासारखी वाटायची. तडा दिसला तेव्हा रंग लावला, तो आधी माझ्याचसाठी. मग ब्राह्मीनं मागितली, आणि मी तिला तड्याचं सांगितलं नाही. तुम्हाला दिसणार नाही असं वाटलं होतं की दिसावं असं, ते माझं मलाच कळत नाही.

काल कँटीनमध्ये तिला सगळं सांगितलं. सांगितलंस ते बरं केलंस, म्हणाली. आज बसमध्ये मात्र ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. बसू दे.

खोला, अब्बा. सगळी खोला.

ओरडा, पण माया तोडू नका.

तुमची,
सुरय्या


माधवनगर,
३१ जानेवारी २०२५

चि. सुरय्याला अनेक दुवा. वि. वि.

सोमवारी सायकल खोलली. सीटपासनं सुरुवात केली. येक येक पार्ट पुसून वर्तमानपत्रात गुंडाळला, वर नाव लिवलं. खरं काय त्ये सांगून ज्याला पायजे त्याला दीन. फ्रेम तशीच भंगारात दिली असती तर कोनतरी रंगवून पुन्यांदा इकली असती. म्हनून तडा हाय तिथंच करवतीनं आडवी कापली. हात भरून आलं, पन कापली.

आता माझं आईक. तू पडलीस त्याच्या आदल्याच आठवड्यात सायकल घिऊन हितं आली होतीस. तवा तुझ्या ब्रेकच्या तारा मी बदलल्या होत्या. दवाखान्यात तुझ्या तळहातात रुतलेली खडी बघितली. जिन्यात खडी कुठनं येनार? तरी इचारलं न्हाई. तार सटकली म्हनून सांगशील, या भ्यानं तोंड उघडलं न्हाई. तवापास्नं कुनाच्याबी सायकलीला तार घातली की चारदा ओढून बघतो. गिऱ्हाईक हसतंय, म्हाताऱ्याला दिसत न्हाई म्हनतंय.

तू खोटं बोललीस, आन् मला त्ये खोटं बरं वाटत हुतं. तीन सालं. ब्रेक चांगले लागले असं तू लिवलंयस, तेवढीच ओळ परत परत वाचली आन् शटर अर्धं ओढून आत बसून राह्यलो.

अम्मीला काय सांगायचं त्ये दोघं मिळून ठरवू. सुट्टी काढून ये. काय आनू नको, काय करू नको, आल्या आल्या झोप. लय दमलीस तू. मीबी दमलोय.

तुझा,
अब्बा