पेटीतले तीन नंबर

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज देवमनदादांचा नंबर काढला.

अ‍ॅपमध्ये त्यांच्या नावापुढे लाल कचरापेटीचं चित्र आहे. ते दाबलं. खाली आलं – 'आपण वापरकर्ता २ ला नक्की हटवू इच्छिता?' नक्की इच्छिलं. मग – 'वापरकर्ता यशस्वीरित्या हटविले गेले आहे.' असली मराठी लिहिणाऱ्याला मी अकरावीत नापास केलं असतं.

आता विहिरीवरची मोटर त्यांचा फोन घेणार नाही. घरी बसून मिसकॉल दिला की दोन किलोमीटरवर पाणी सुरू, ही चैन संपली. विहीर दोघा भावांची सामाईक आहे. हक्क मी काढलेला नाही. चालत जावं, हातानं बटण दाबावं.

जूनमध्ये पेटी आणली – मोबाइल स्टार्टर, पण घरात सगळे पेटीच म्हणतात – तेव्हा दोघे भाऊ खोक्यावरचं चित्र पाहत बसले होते. पुस्तिका मी वाचली. पेटीत सिमकार्ड असतं. तीन नंबर नोंदवता येतात. पहिला हरीओमचा, माझ्या नवऱ्याचा. दुसरा मोठ्या दिरांचा, देवमनदादांचा. तिसरा माझा. लाईट आली की पेटी तिघांना मेसेज करते, गेली की करते, मोटर चालू झाली तरी करते. भर वर्गात फोन थरथरायचा. ऑक्टोबरात मी माझ्यापुरत्या त्या सूचना बंद केल्या. पेटी सांभाळायची मात्र मीच. पासवर्ड माझ्याकडे.

नोव्हेंबरात हरीओम आणि दादा तीन दिवस कारंज्याला लग्नाला गेले. गव्हाला पाणी मी दिलं. इकडे मी अकरावीला शिकवत होते, तिकडे मोटर चालू होत होती. स्टाफरूममध्ये ते सगळ्यांना सांगितलं. मिरवलं म्हणायला हरकत नाही.

तीच पेटी.

७ जानेवारी

भिंतीपलीकडून मोठ्या जाऊबाई, भांडी घासता घासता, कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात – "आता मोटर चालू करायलेही एम. ए. लागते म्हना!"

मी पेपर तपासत राहिले.

९ जानेवारी

महिना झाला.

आमच्याकडे एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. त्या सोमवारी, नऊ डिसेंबरला, दिवसाची पाळी लागणार होती. सकाळी लाईट अजून आलेली नव्हती. मोटर जाम झाली होती. हरीओम मागची जाळी काढून, पंखा हातानं फिरवून ती मोकळी करत होता. लाईटच नाही म्हणून फ्यूज काढला नाही. इथे कोणीच काढत नाही.

लाईट आली. मोटर चालू झाली.

उजव्या हाताची तीन बोटं. अंगठा आणि करंगळी राहिली. डॉक्टर म्हणाले, नशीब. नशीब हा शब्द त्यांनी कुठे वापरावा याला काही मर्यादा नाही.

नुसती लाईट आल्यानं ती मोटर चालू होत नाही. कोणीतरी पेटीला फोन करावा लागतो. तीन नंबर. एक मोटरीपाशी होता. एक वर्गात होता. उरला कोण?

मी गावात कुणाला सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. सगळ्यांना तीनपर्यंत मोजता येतं.

लाईट आल्याचा मेसेज बघायचा, मिसकॉल द्यायचा. भाऊ कुठे आहे एवढं विचारायचं नाही. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण एक महिना झाला. त्यांनी एकदाही 'मी नाही' म्हटलं नाही. 'मी' असंही म्हटलं नाही.

मला एवढंच हवं आहे. चारचौघांत एकदा म्हणावं – मी चालू केली.

१२ जानेवारी, रविवार

मालेगावला गेले. धरमसिंगच्या दुकानात. पेटी त्यानंच बसवली होती, अपघातानंतर दुरुस्तही त्यानंच केली.

मोटर कधी, कुणी चालू केली याची अ‍ॅपमधली आधीची यादी कुठे गेली विचारलं. म्हणाला, दुरुस्त करताना पेटी पुसली, सगळं नव्यानं टाकलं. मग माझं तोंड पाहून म्हणाला, "पन ताई, पेटी सगळं वरती धाडते. सहा मयने राह्यते तिथं. कोनं चालू केली, कायनं चालू केली, किती वाजता – सगळं येते. फक्त कंपनीले मागा लागते."

"मिळेल?"

"मिळते. कोनी मागतच नाई."

एसटीत बसल्यापासून एकच गोष्ट डोक्यात. ती वेळ आणि तिच्यापुढे त्यांचा नंबर. छापील.

घरी येऊन हरीओमला सांगितलं. तो चहा पीत होता, डाव्या हातानं. कप खाली ठेवला.

"कायले?"

"कायले म्हणजे?"

"दादानं जानूनबुजून केलं काय?"

"नाही. पण म्हणावं तरी."

"अन् म्हनलं तं बोटं येतीन?"

मी म्हटलं, तुझ्या फोनमध्ये त्या दिवशीचे मेसेज असतील, ते दाखव. म्हणाला, पुसले. मेमरी भरली होती. लग्नातले नाचाचे दीडशे व्हिडिओ तसेच आहेत. पेटीचे मेसेज तेवढे पुसले.

भावाला वाचवायचं तर नीट तरी वाचवावं.

१४ जानेवारी, संक्रांत

दादा नऊ वर्षांत माझ्याशी थेट बोललेले नाहीत. भासऱ्यानं, म्हणजे मोठ्या दिरानं, धाकट्या भावजयीशी बोलू नये ही इथली रीत. काही सांगायचं असलं तर ओसरीत उभं राहून सासूबाईंना सांगतात, मी आत ऐकते, सासूबाईंना उत्तर देते. सासूबाई मध्ये बसून दोन्हीकडे मान हलवतात. आधी मला गंमत वाटायची. लेख लिहावा असं वाटायचं.

आज सकाळी आले. तिळगूळ सासूबाईंच्या हातावर ठेवला आणि दाराकडे पाठ करून म्हणाले –

"माय, तिले म्हना, कागद कायले मागून राह्यली?"

सासूबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, आई, त्यांना विचारा, कागदाला भिता काय?

त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडून परत बांधला. मग – "मायं नाव घेऊन राह्यली तं घेऊ दे. नंबर काडला तं काडला. कागद मागू नोको म्हना."

आणि गेले. चप्पल घालायला एवढा वेळ लागतो हे आज पाहिलं.

कबुलीजबाब याहून वेगळा काय असतो?

सासूबाईंनी त्यांचा तिळगूळ मला दिला. मी ताटलीतच ठेवला. मुंग्या लागल्या.

१७ जानेवारी

कंपनीला फोन. मराठीसाठी दोन दाबा. दोन दाबलं. हिंदी आली.

चोवीस मिनिटं बासरी. मग एक मुलगी. आवाज लहान, बहुतेक माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. रेकॉर्ड कशासाठी हवं, विचारलं. म्हटलं, नवऱ्याची बोटं तुटली, मोटर कुणी चालू केली ते बघायचंय.

तिकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. तिच्यापुढच्या यादीत हे कारण नसावं. म्हणाली, 'इतर' लिहिते.

मालकाच्या आधारची प्रत, सातबारा, पेटीचा क्रमांक, सही केलेला अर्ज. मालक हरीओम आहे. सही त्याची हवी.

१८ जानेवारी

हरीओमनं सही केली. डाव्या हातानं. पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं.

करणार नाही म्हणाला होता. मी कागद पुढे ठेवून बसून राहिले. तासाभरानं त्यानं पेन मागितलं. सही करून माझ्याकडे पाहिलं. असं का पाहिलं कळलं नाही. रागानं नाही.

"तुले पाहिजेच काय?" एवढंच.

हो म्हटलं.

२१ जानेवारी

त्याचा फोन उजव्या तर्जनीनं उघडायचा. सवय जात नाही. आज अंगणात बसून फोन काढला आणि उरलेला अंगठा त्या ठिकाणी टेकवला. फोन थरथरला. पडद्यावर आलं – 'बोट पुन्हा ठेवा.'

तो हसला. मला दाखवलं.

"हे पाय. याले कोनी सांगा."

मी हसले नाही. त्याच्याकडून फोन घेतला, आकडे टाकून उघडून दिला. दुसरं बोट नोंदवून देते म्हटलं. नको म्हणाला.

रागावलाय कोणावर हेच समजत नाही. दादांवर नाही. डॉक्टरवर नाही. लाईटवाल्यांवर नाही. त्याच्या वाट्याचा रागही मलाच करावा लागतो. दोन माणसांचा राग एका माणसानं करायचा म्हणजे दमायला होतं.

२४ जानेवारी

कॉलेजला जाताना ऑटोतून दादा दिसले. पांदीच्या वाटेनं विहिरीकडे चालले होते. डोक्याला दुपट्टा, हातात काठी, पायात ती झिजलेली चप्पल. लाईटची वेळ झाली की निघतात, बटण दाबतात, लाईट गेली की थांबून राहतात, परत आली की परत दाबतात. कधी जाऊन पोचेपर्यंत लाईट गेलेली असते. त्यांचा गहू आमच्यापेक्षा फिका आहे. टोकं पिवळी पडलीत.

ऑटोवाला खेमा म्हणाला, "मॅडम, देवमनभाऊचा फोन बिगडला काय?"

"मला काय माहीत."

साठीच्या माणसाला चालायला लावलं असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्यांनी अजून स्वतःच्या बाजूनं एक शब्द काढलेला नाही. नंबर परत टाका असंही नाही. ज्याची चूक नाही तो भांडतो. मी भांडले असते.

२८ जानेवारी

ई-मेल आला – 'आपली विनंती आमच्यासाठी मौल्यवान आहे. ती प्रक्रियेत टाकण्यात आली आहे.'

१ फेब्रुवारी, शनिवार

सासूबाईंनी त्यांच्या भावाला बोलावणं पाठवलंय. अमरसिंगमामा. नऊ तारखेला, रविवारी येतील. दोघा भावांना समोर बसवतील. विहिरीच्या पाळ्या लिहून घेतील आणि दोन घरांतला हा अबोला मिटवतील. त्यांच्या शब्दाबाहेर दोघेही जात नाहीत.

बरं झालं. कागद तोवर येईल. मी सगळ्यांसमोर वाचणार आहे. स्पष्ट, प्रत्येक शब्द सुटा. वाचता मला येतं.

जेवताना हरीओमला सांगितलं.

"मामासमोर वाचू नोको," तो म्हणाला.

"का?"

"मी म्हनतो म्हनून."

लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं असं म्हटलं. कमाल आहे. बोटं गेली तेव्हा ओरडला नाही तेवढा आज ओरडला. सासूबाई घास हातात धरून बसल्या.

मी ताट उचललं. धुताना लक्षात आलं, भाकरी तशीच होती.

३ फेब्रुवारी

बारावीच्या पोरांची उजळणी घेतली. प्रश्न – 'पात्राचे मौन हेही त्याचे बोलणेच असते, स्पष्ट करा.' दोन गुण. पोरांना जमलं नाही. मी फळ्यावर मुद्दे लिहून दिले. सहा मुद्दे.

५ फेब्रुवारी

दादा आज पुन्हा ओसरीत. सासूबाई मळ्यात गेलेल्या. मध्ये कोणी नाही. रीतीनं त्यांनी परत फिरायला हवं होतं. ते खांबाला धरून उभे राहिले. मी आत चुलीपाशी.

"पोरी," म्हणाले.

नऊ वर्षांत पहिला शब्द. मी पदर सावरला. उत्तर कोणाला द्यायचं हेच कळेना, मध्ये माणूस नव्हतं.

"त्याले काई म्हनू नोको. अन् तूही..."

दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मी वाट पाहिली. आता म्हणतील. मी चालू केली, एवढे तीन शब्द. मी मनातल्या मनात म्हणूनही दिले त्यांना.

"गव्हाले येक पानी द्या लागते तुमच्या," म्हणाले. "खालचं वावर कोरडं आहे. मी दाबून देतो बटन, जातोच हाव तिकडे."

गेले.

आमच्या गव्हाला पाणी. त्यांच्या पायानं. उपकार करून मोकळं व्हायचं, ही मोठ्या माणसांची युक्ती आहे. कबूल करण्यापेक्षा चालणं सोपं.

रविवारी बघू.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कागद आला. कॉलेजातून छापून आणला. एकच पान.

२८/११ – १०.४१ – टायमर जोडला. रोज ९.०० ते १२.००. वापरकर्ता ३.

०९/१२ – ९.१२ – वीज आली. मोटर चालू. कारण: टायमर.

०९/१२ – ९.१२ – सूचना 'टायमरने मोटर चालू'. वापरकर्ता १: पोहोचली. वापरकर्ता २: पोहोचली. वापरकर्ता ३: बंद.

०९/१२ – ९.१३ – मोटर बंद. कारण: ओव्हरलोड.

लग्नाचे तीन दिवस म्हणून मी लावला होता. काढायचा राहिला. मधला आठवडा रात्रीच्या लाईटचा, नऊ ते बारा वीजच नव्हती.

दोघांना त्याच दिवशी माहीत होतं.

दादांचा नंबर परत टाकला. पासवर्ड दोनदा चुकला.

ओसरीतून हरीओम – "आला काय वं कागद?"

नाही, म्हटलं.

"बरं झालं."