वहीत न लिहिलेली चूक

प्रिय भुंग्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी तुझ्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून पहिल्यांदा हे सांगते की सगळे बरे आहेत. तुझे बाबाही बरे आहेत. हे मी फोनवरही सांगू शकले असते, पण फोनवर तू मध्येच 'जाऊ दे गं, झालं ते झालं' म्हणाली असतीस आणि मी तेवढ्यावर लगेच सुटका करून घेतली असती. मला ती सुटका नको आहे. तू गाणं का सोडलंस, त्याबद्दल हे पत्र आहे. त्यात माझा हात आहे आणि गेली सतरा वर्षं तुला ते माहीत नाही. वाचून झाल्यावर तुला माझ्याशी बोलावंसं वाटेल की नाही, कुणास ठाऊक. तरी शेवटपर्यंत वाच.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या आपल्या रेडिओच्या त्या दोन खोल्या तुला आठवत असतील. बाहेरच्या खोलीत एक टेबल, फोन, एक पाय लंगडा असलेलं बाकडं. आतल्या खोलीत भिंतींना जुनी कांबळी ठोकलेली, मधोमध छोट्या टेबलाशी दोन माइक, आणि काचेच्या या बाजूला मी, माझी बटणं आणि माझा माइक. दर शनिवारी दुपारी चारला पाहुणे यायचे आणि जे वाजवतील, गातील ते तसंच्या तसं बाहेर जायचं. परत घेणं नाही, कापणं-जोडणं नाही, साठवून ठेवायलाही काही नव्हतं. गेलं ते गेलं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मी खिडकीतून दोरीला बांधलेलं लाल फडकं खाली सोडायचे आणि सायकलवाले मामा हातोडी ठेवून द्यायचे. एकदा मी फडकं वर घ्यायला विसरले तर ते दीड तास तसेच हातावर हात ठेवून बसले होते आणि नंतर वर येऊन म्हणाले होते, 'बाई, आज काय दोन-दोन पाहुणे का?' मामा आता थकलेत. दुकान त्यांची सून चालवते, आणि ती फडक्याला अजिबात जुमानत नाही.

आमच्याकडे एक चुकांची वही होती, तीही आठवत असेल. ती माझीच कल्पना. मोठ्या केंद्रांवर चूक झाली की वर गाणं लावून झाकतात, आपण तसं करायचं नाही, असं मी पहिल्याच बैठकीत ठणकावून सांगितलं होतं. चूक झाली की ती श्रोत्यांना तिथल्या तिथे सांगायची, वहीत लिहायची, खाली सही करायची. चुकीचं नाव घेतलं, तबकडी उलटी लागली, पाहुणे शिंकले तेव्हा माइक उघडा राहिला, सगळं त्यात आहे. तुम्ही सगळे मला हसायचात. लंबू तर व्हायोलिन पेटीत ठेवता ठेवता विचारायचा, 'आज मॅडमनी किती पापं नोंदवली?' मला त्या चिडवण्याचाही अभिमान होता, हे आता लिहिताना लाज वाटते.

तुझा शनिवार. तू निळी ओढणी घेतली होतीस आणि हात गार पडले होते म्हणून चहाचा कप नुसताच धरून बसली होतीस. चार गाणी ठरली होती, साथीला लंबू. बाबा घरी रेडिओ लावून बसणार हे तू मला त्या आठवड्यात निदान दहा वेळा सांगितलं असशील. आयुष्यभर दुसऱ्यांचे पियानो सुरात लावणारा माणूस, त्याने घरात तुझं गाणं कधी चांगलंही म्हटलं नव्हतं आणि वाईटही नाही. तू म्हणाली होतीस, 'आज ते पहिल्यांदा मला बाहेरची म्हणून ऐकतील.' तुला गाण्याआधी गुणगुणायची सवय, त्यावरूनच तर तू भुंगा. ते गुणगुणणं बाहेर जाऊ नये म्हणून तूच सांगितलंस, 'माझा माइक बंद ठेव, मी टेबलावर तळवा टेकवला की उघड.' मी हो म्हटलं. तू तळवा टेकवलास. मी लंबूचा माइक उघडला, माझा माइक उघडून दोन वाक्यं बोलले, आणि तुझं बटण तसंच राहिलं.

तुला वाटेल, मला ऐकू कसं आलं नाही. आलं ना, सगळं आलं. माझे हेडफोन खोलीतला आवाज ऐकायच्या खटक्यावर होते. बाहेर काय जातंय ते ऐकायचा खटका दुसरा असतो आणि कार्यक्रम सुरू झाला की तो लावायचा असतो. हे मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवते. त्या दिवशी मी लावला नाही, कारण तू इतकं सुंदर गात होतीस की मला तुझ्या आणि माझ्यामध्ये काहीच नको होतं. हे कारण खरं आहे. ते कानाला चांगलं लागतं म्हणून मी ते पुन्हा पुन्हा तपासलं आहे, आणि तरी ते खरं आहे. पण त्याने काही फरक पडत नाही. बाहेर लंबूचं व्हायोलिन जात होतं, आणि त्याच्या माइकमध्ये शिरलेला तुझा आवाज, पुसट, भिंतीपलीकडे कुणी गातंय तसा.

चौथ्या गाण्याचं शेवटचं कडवं चालू असताना टेबलावरच्या फोनचा दिवा लागला. एक आजीबाई होत्या. म्हणाल्या, 'अहो, त्या गाणाऱ्या बाईंना एवढं लांब का बसवलंय? जरा पुढे घ्या की त्यांना.' मी खाली बघितलं आणि मला ते बटण दिसलं. भुंग्या, तेव्हाही अर्धं मिनिट उरलं होतं. बटण दाबायला बोट लागतं एक. दाबलं असतं तर तुझा आवाज एकदम पुढे आला असता आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं असतं की इतका वेळ काय झालं होतं. मग मला माइक उघडून ते सांगावं लागलं असतं, आणि काचेपलीकडे तू डोळे मिटून गात होतीस. मी बोट उचललं आणि मांडीवर ठेवलं. आजीबाईंना म्हणाले, 'तुमच्या रेडिओत काही बिघाड असेल.' एका म्हाताऱ्या बाईला मी हे सांगितलं. तुझं गाणं संपलं. नेहमी आम्ही पाहुण्यांशी नंतर गप्पा मारायचो, त्या मी वेळ संपली म्हणून टाळल्या, आणि 'आजचे आमचे पाहुणे' एवढंच म्हणून तबकडी लावली. गायिका हा शब्द तोंडातून निघेना. जिना उतरताना तू म्हणालीस, 'अगं, बाबांबद्दल दोन वाक्यं तयार करून आणली होती, ती राहिलीच.'

पुढचं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. तू घरी गेलीस आणि बाबा म्हणाले, 'व्हायोलिनवाल्याचा हात चांगला आहे.' बास. तू दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन हसत हसत त्यांची नक्कल केलीस, मग नक्कल करता करता थांबलीस. त्यानंतर तू रियाजाला बसलीस की ते चपला घालून बाहेर पडायचे. तू सहा महिने ते पाहिलंस. मग म्हणालीस, 'आमच्या घरातल्या सगळ्यात चांगल्या कानांना मी सोसवत नाही, मग बाहेरच्यांना कशाला त्रास देऊ?' मी तेव्हा समोर बसले होते. तुला थोपटलं होतं. त्याच खुर्चीत बसून मी एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. त्याऐवजी मी म्हणाले, 'थोडे दिवस थांबून बघ.' त्या शनिवारची माझी डायरी मी परवा काढली. त्यात लिहिलंय, 'कार्यक्रम छान झाला.' रोज लिहिणारी बाई मी, कुणीही न वाचणाऱ्या वहीत स्वतःशी खोटं बोलले.

कधी कधी मी स्वतःला सांगायचे की तुझं लग्न, बदल्या, मुलं, गाणं तसंही मागे पडलं असतं. असेलही. पण हा विचार मला इतका सोयीचा आहे की त्याच्यावर माझा भरवसा नाही.

आता इकडची बातमी. गेल्या महिन्यात एका शाळेने आम्हाला त्यांचा जुना पियानो दिला. मामांच्या सुनेसकट सात माणसांनी तो जिन्यावरून वर चढवला, आणि वर पोचल्यावर कळलं की त्याचा एक सूर दुसऱ्याशी बोलायला तयार नाही. म्हणून मी तुझ्या बाबांकडे गेले. ते खिडकीपाशी बसून घड्याळ उघडून काहीतरी करत होते. मी पियानोचं सांगितलं तर मान हलवली. म्हणाले, 'माझे कान गेले, पोरी. आज नाही, फार वर्षांपूर्वी गेले.' मी म्हटलं, माझं बोलणं तर सगळं ऐकू येतंय तुम्हाला. तर म्हणाले, 'बोलणं ऐकू येतं, मऊ सूर जातात आधी. आमच्या धंद्यात असंच होतं. एका कानात शिट्टी वाजायची वर्षभर, पण मी मनावर घेत नव्हतो. मग आमची पोर तुमच्या रेडिओवर गायली तो दिवस. व्हायोलिन स्वच्छ ऐकू येत होतं आणि तिचा आवाज येईना. रेडिओला कान लावला, तरी येईना. तेव्हा कळलं.' मग म्हणाले की तू घरी रियाज करायचीस तेव्हा ते बाहेर जायचे, कारण बसले असते तर तू विचारलं असतंस, बाबा, कसं झालं, आणि त्यांना खोटं बोलावं लागलं असतं. दोनेक वर्षांनी त्यांनी कामही सोडलं. कान कधी कुणाला दाखवले नाहीत. 'जे माहीत आहे ते पैसे देऊन कशाला ऐकायचं?' म्हणाले. मी त्यांचा चहा प्यायले, कप विसळून ठेवला आणि घरी आले.

तीन आठवडे मी काहीच केलं नाही. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तुला वाटेल की कळल्याबरोबर माझी सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली. तीन आठवडे मी पियानोसाठी दुसरा माणूस शोधला, पाहुण्यांच्या तारखा लावल्या, तुझ्याशी दोनदा फोनवर बोलले आणि तू बाबांबद्दल नेहमीसारखं म्हणालीस, 'त्यांच्याशी काय, औषध घेतलं का, घेतलं, ठेवते.' त्या दुसऱ्या फोननंतर मला झोप येईना. काल सकाळी मी त्यांच्याकडे गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बटण, हेडफोन, आजीबाई, मांडीवर ठेवलेलं बोट, सगळं. तिथून रेडिओवर गेले आणि चारच्या कार्यक्रमाआधी श्रोत्यांनाही सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, ते तुला विचारल्याशिवाय घेणार नाही. वहीत नोंद केली, सही केली. सतरा वर्षं उशिरा केलेली सही फार सोपी वाटली, आणि तेच मला आवडलं नाही.

तुझे बाबा मला ओरडले नाहीत. मी वाट बघत होते. ते घड्याळाचं झाकण बसवत राहिले, ते बसेना, मग ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि म्हणाले, 'म्हणजे दोष माझ्या कानांचा नव्हता. मग काय काय गायली ती?' मी चारही गाणी सांगायला गेले आणि तिसरं मला आठवेना. ते म्हणाले, 'राहू दे, तिलाच विचारतो,' आणि फोनकडे हात केला. मीच त्यांचा हात धरला. म्हटलं, आधी मला तिला सांगू द्या, नाहीतर तिला वाटेल की तुम्ही म्हातारपणी कनवाळू झालात म्हणून गोड बोलताय. ते कसेबसे तयार झाले. येत्या रविवारपर्यंत थांबतो म्हणाले, एक दिवसही जास्त नाही. म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते घाईने जास्तीची तिकिटं लावून पाठवते आहे. रविवारी सकाळी दहाला फोन वाजेल, तो त्यांचा असेल. ते औषधाबद्दल बोलणार नाहीत. तू सतरा वर्षांपूर्वी काय गायलीस ते विचारतील, आणि त्यांना कसं विचारायचं ते नीट येत नाही, तर कदाचित रागावल्यासारखे बोलतील. तू ठेवून देऊ नकोस. माझ्यावरचा राग माझ्यावरच ठेव, तो मी केव्हाही घेईन. त्या तिसऱ्या गाण्याचं नाव मात्र त्यांना सांग.

अजूनही तुझीच म्हणण्याची परवानगी न विचारता,
तुझीच,
चष्मिष