बोक्यासाठी ओतलेली घागर

अप्पा, आपला नव्हे, माझा बोका गेला. मंगळवारी सकाळी कपाटावरून उतरला, दोन पावलं चालला आणि आडवा झाला. डॉक्टर फोनवर म्हणाले, हृदय बंद पडलं असेल. सहा वर्षांच्या धडधाकट बोक्याचं? म्हटलं, न बघता कसं कळलं? तर म्हणे, "आजी, दुसरं आणा की एखादं." आजी! मी यांच्या आजीच्या वयाची नाही आणि बोका म्हणजे फुटलेली कपबशी नाही.

पण आज राग त्या डॉक्टरवर नाही. मी काय केलं ते सांगते. त्याच्या जोडीच्या मांजरीला स्वयंपाकघरात कोंडलं, बोक्याला पिशवीत घातलं आणि पंधरा मिनिटांत घंटागाडीत दिलं. त्याचं अंथरूण गरम पाण्यात टाकलं, फरशी फिनेलनं पुसली. शाळेत सिस्टरांनी शिकवलेली स्वच्छता. मग दार उघडलं. त्या क्षणापासून मांजर त्याला शोधते आहे. कपाटावर चढते, पलंगाखाली जाते, माझ्या तोंडाकडे बघून ओरडते. आज चौथा दिवस, पोटात अन्न नाही. तीही गेली तर या घरात मी भिंतींना टोमणे मारत बसणार.

आणि मग मला ते लातूर आठवलं. नवा जिल्हा झालेला, तुमच्या कचेरीच्या पाटीचा रंगही वाळला नव्हता आणि नळाला मात्र आठवड्यातून एकदा पाणी. मी नांदेडच्या कॉन्व्हेंटातून सुट्टीला आलेली, इस्त्रीच्या फ्रॉकात आणि शहाणपणात. त्या सुट्टीत घरचा तांबडा बोका असाच अचानक गेला. परसातली जमीन दगडासारखी, कुदळ उडून येत होती. तुम्ही आत गेलात, प्यायच्या पाण्याची भरलेली घागर उचललीत आणि जमिनीवर ओतलीत. आई किंचाळली, "अवो, लेकरांना प्यायला न्हाई अन् तुम्ही मांजरावर पाणी ओतून राहिलाव?" तुम्ही खणत राहिलात. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात तसं त्याला खड्ड्यात बसवलंत, कपाळाला विभूती लावलीत.

मी म्हटलं, "अप्पा, मांजराला आत्मा नसतो. सिस्टरनी सांगितलंय."

"तुझ्या सिस्टरनं मांजर पाळलंय का?"

मग घरातली दुसरी, म्हातारी करडी मांजर, काखेत धरून तुम्ही खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसलात. तिनं बराच वेळ वास घेतला. मी हसले, तर माझ्याकडे न बघता म्हणालात, "बघू दे तिला. न्हाईतर घरभर हुडकत बसंल बिचारी." ती नंतर ओट्यावर जाऊन झोपली आणि संध्याकाळी जेवली. हे मी पाहिलं होतं, अप्पा. पाहून विसरले.

आज सकाळी सीताफळाखाली खड्डा खणायला घेतला. यंदाही पाऊस नाही, टँकरचं पाणी येतं. एक बादली ओतली आणि आईची शिवी मीच मला दिली. पण खड्ड्यात ठेवणार काय? सगळं धुतलेलं. शेवटी माझी लोकरीची शाल सापडली, तिच्यावर त्याचे केस होते. मांजरीसमोर धरली. तिनं वास घेतला, पुन्हा घेतला आणि शालीवरच बसली. उठवायला गेले तर गुरगुरली. म्हणून पुरायचं राहिलं, खड्डा ओला उघडा पडलाय. दुपारी माझ्या बोटावरची दूध-भाकर तिनं चाटली. दोन घास असतील.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. कारण मग हेही सांगावं लागलं असतं की, त्या सुट्टीनंतर कॉन्व्हेंटातल्या मैत्रिणींनी बोक्याचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, पळून गेला. विभूतीचं आणि घागरीचं सांगितलं नाही, मला तुमची लाज वाटली होती.