चाळिसाव्या रोपाचा वास

गार्चिंग, ४ मे

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार करते.

मी गांजाच्या रोपांवर काम करते हे तुम्ही अजून काकांपासून लपवलंय, असं आई म्हणाली. सांगून टाका. रोपं औषधासाठीच वाढवतो आम्ही, आणि मी ती ओढत नाही, नुसती हुंगते!

बाबा, काय किमया आहे ही! लिंबाच्या वासाच्या रोपाचा मिरीच्या वासाच्या रोपाशी संकर केला. ऐंशी रोपं आली, सगळी सख्खी भावंडं, तरी प्रत्येकाचा वास वेगळा. वास देणारी द्रव्यं, म्हणजे टर्पीनं, बनवायचं कसब आईबापाकडून येतं. प्रमाण मात्र ज्याचं त्याचं.

काल फुलं चोळून हुंगताना चाळिसाव्या रोपापाशी थबकले. वहीत लिहिलं, "हापूस, देठाजवळ." आमच्या प्रमुख फ्राउ ब्रांट हसल्या. मग मशीनचा रिपोर्ट आला. ओसिमीन नावाचं टर्पीन सगळ्यांत जास्त, आणि हापुसातही तेच असतं! "गेनाऊ!", म्हणजे जर्मनमध्ये 'अगदी बरोबर!', म्हणत त्यांनी विचारलं, हे शिकलीस कुठे? म्हटलं, देवगडला, बाबांच्या वखारीत. डोळे मिटायचे, आंबा दाबायचा नाही, देठाकडून हुंगायचा.

आई म्हणते, त्या तापापासून तुम्हाला वासच येत नाही, तरी गिऱ्हाइकासमोर आंबा नाकाशी धरता. खरं का? डॉक्टरांना दाखवलंत?

वीस तारखेला येतेय. वखारीत शेजारी बसेन. आंबा तुम्ही उचला, हुंगेन मी.

तुमचंच नाक घेऊन जन्मलेली,
शाल्मली