सात नंबरची खाट

प्रिय दादा,

मागच्या पत्रात मी एक चुकीचं लिहिलं, ते आधी दुरुस्त करते. आईने गॅस चालू ठेवला नव्हता, मी ठेवला होता. रात्री अडीचला दूध तापत ठेवलं, ओट्याला टेकले आणि उभ्या उभ्या डोळा लागला. जाग आली तेव्हा दूध उतू जाऊन ज्योत विझली होती, घरभर वास होता आणि आई खिडकी उघडत होती. गॅस तिनेच बंद केला. सकाळी तिला काही आठवत नव्हतं. तिच्या नावावर खपवणं फार सोपं होतं रे.

ती मला झोपू देत नाही, हे खरं, पण अर्धंच. तीस वर्षं रात्रपाळी केलेली नर्स ती. दोन वाजले की राउंड सुरू. सपाता न वाजवता येते, माझी नाडी बघते, विचारते, सात नंबर, अजून जाग्याच? मी तुझी मुलगी, असं दोनदा सांगून पाहिलं. म्हणाली, सगळ्या असंच म्हणतात, झोपा आता. मग पायाकडची चादर गादीखाली इतकी घट्ट खोचते की पाय हलत नाहीत. आणि दादा, तेवढी वीस मिनिटंच मला झोप लागते. खोली पाण्याखाली गेल्यासारखी निळी होते, कपाट हलकेच तरंगायला लागतं, आणि कुणीतरी जागं आहे म्हणून मी खोल खोल जाते. तेवढ्यात कडी वाजते. ती पुढच्या वॉर्डात निघालेली असते, म्हणजे जिन्यात. तिला हात धरून परत आणते, मग उजाडेपर्यंत मी कडीकडे बघत पडते. परवा ऑफिसात एकाच पाकिटावर दोन पत्ते लिहिले. साहेब म्हणाले, हे अर्धं अर्धं पोचवायचं का?

लहानपणी खोटं बोलले की तू कान धरायचास, आई नुसती बघायची. आता ती बघते ते पेशंटकडे, म्हणून कबुली तुझ्याकडे.

कारण त्या गॅसवरूनच तू तिच्यासाठी वृद्धनिवासातली जागा ठरवलीस. कदाचित तिला तिथे ठेवावंही लागेल. कधीकधी मलाही तेच हवं असतं, हेही लपवत नाही. पण माझ्या चुकीपायी नको. तू ये. चार रात्री तू जाग, मी झोपते, मग दोघं मिळून ठरवू. तुला जमलं नाही तरी तिथे दिलेला तिचा अर्ज मी परत घेणार आहे, येत्या गुरुवारी, सतरा तारखेला, सकाळी दहा वाजता.

तुझीच,
धाकटी