पाहुणीच्या पानातलं मटण

लाडक्या अपा,

बिश्केकहून तुझ्या लेकीचा, जिपारचा सलाम. इथे थंडी मरणाची आहे, पण तू विणलेले मोजे पायात आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? लाल गाय व्याली का?

माझा प्रबंध पास झाला, तोही तुझ्यामुळे!

डोंगरातली पोरं काय खातात याची मी पाहणी केली, तर घरोघरी रोज मटण निघालं. तो आकडा तसाच वर सरकारकडे गेला असता, तर पोरं घरीच चांगलं खातात म्हणून शाळेतलं जेवण बंद झालं असतं. माझ्या मार्गदर्शक दामिरा बाई तक्ता बघून हसल्या. म्हणाल्या, "आकडा फार गोंडस दिसला की आधी त्याच्यावर संशय घे. तू विचारत होतीस तेव्हा तुझ्यापुढे काय वाढलं होतं गं?"

मटणच की! पाहुणीसमोर कोण म्हणेल, आमच्याकडे नुसता चहा-पाव असतो?

मग तुझं सांगणं आठवलं: बायकांना बोलतं करायचं तर हाताला काम घेऊन बस. परत गेले, त्यांच्याबरोबर लोकर पिंजत बसले आणि काल चुलीवर काय होतं ते विचारलं. मटण क्वचितच निघालं. शेवटी परीक्षकांपुढे चुकीचा आकडाही मांडला आणि तो का चुकला तेही सांगितलं. शाळेतलं जेवण चालू राहिलं.

मी व्यवस्थित जेवते, काळजी करू नकोस.

फक्त एक विचारते. मी घरी आले की तू रोज मटण शिजवतेस. अपा, मी नसताना चुलीवर काय असतं?

तुझ्या हातचं खाऊन वाढलेली,
जिपार