शेळके काकांचा डाऊनपाईप

बुध. १२ नोव्हें.

डोकं अजून गरम आहे म्हणून लिहितोय.

आज शेळके काका गॅरेजवर आले. म्हणजे वै.चे बाबा. (वैष्णवी पूर्ण लिहायची हिंमत या वहीतपण होत नाही. आई कधीही गादी उचलते.) गाडी टर्बो पेट्रोल, दुसऱ्याकडून घेतलेली. तक्रार अशी, की चढावर दम टाकते. "सुलतानपूरच्या चढावर ट्रॅक्टर ओव्हरटेक करून गेला, रफिकभाई. वरतून हात दाखवून गेला."

मी दुसऱ्या गाडीखालून बाहेर आलो, नमस्कार केला. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि गॅरेजच्या मालकांना, रफिकचाचांना, म्हणाले, "गाडी तुमच्या भरोशावर सोडून राह्यलो. या अर्धवटाले हात नका लावू देऊ."

चाचा म्हणाले, "नहीं लगाएगा, शेठ."

झालं. मी तिथेच उभा, हातात पाना.

तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग कॉलेज सोडलं, मान्य. सरांनी माझं जर्नल फेकलं, मी माझं आय-कार्ड फेकलं. चूक कोणाची ते राहू दे. पण अर्धवट हा शब्द दोन कामं करतो आणि काकांना आज दोन्ही करून घ्यायची होती.

गुरु. १३

चाचांनी सकाळभर स्वतः पाहिलं. प्लग, फिल्टर, पंप. काही सापडेना. दुपारी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. म्हणजे, तू बघ. गॅरेजमध्ये दिलेला शब्द जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकतो.

धुराच्या पाईपवरचा पुढचा सेन्सर काढला, त्याच्या भोकात प्रेशरचा गेज लावला, रेस दिली. काटा चढतच गेला. धुराला बाहेर पडायला वाट नाही. टर्बोच्या तोंडातून जो पाईप खाली उतरतो तो डाऊनपाईप. त्याच्या पोटात धूर साफ करायची जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी. ती वितळून गच्च बसलीय. टर्बो बिचारा फुंकतोय आणि समोर दार बंद.

चाचांना म्हटलं, कंपनीचा पाईप दोन इंची आहे, आपण स्टेनलेसचा अडीच इंची करू. आत नवी मोकळी जाळी. नवीन असताना पळत होती त्याच्यापेक्षा चांगली पळेल.

"करेगा कौन?"

मी.

"और शेठ को क्या बोलेंगे, किसने किया?"

मी टेप घेऊन पाईप मोजायला लागलो.

शुक्र. १४

काकांना बोलावलं. चाचा समजावत होते, जमेना, मग मीच मधे तोंड घातलं. चूक झाली. काका पाईपवाले आहेत. बसस्टँडजवळ दुकान, अर्ध्या तालुक्याचे स्प्रिंकलर त्यांच्याकडून जातात.

"पाईप मोठा केला की प्रेशर मरते. हे तू मले सांगतं का बे?"

"काका, पाण्याले प्रेशर पाहिजे. धुराले वाट पाहिजे."

"आन् हे कोन्या वर्षाले शिकवते? तिसऱ्या का चौथ्या?"

चहावाला हसला, गाडी घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं हसली. चाचापण हसले, त्यांचं मी लक्षात ठेवलंय. नळावर जाऊन हात धुतले. हात स्वच्छच होते.

जाताना काका म्हणाले, "रफिकभाई, तुमाले पटत असन तर करा." चाचांना मीच पटवलंय. माझ्या तोंडून आलं तर ते अर्धं इंजिनिअरिंग, चाचांच्या तोंडून आलं तर तो अनुभव.

शनि. १५

वै. भेटली. ती हिवरा आश्रमला कॉलेजला जाते, सकाळी मेहकर स्टँडवर बस लागेपर्यंत बोलता येतं. आज बस उशिरा आली. निदान एसटी तरी माझ्या बाजूने.

"पुढच्या रविवारी पुन्याचे पाहुणे येऊन राह्यले. मले पाहाले."

म्हटलं, नाही म्हणून सांग.

"नाही सांगून मंग हो कोनाले सांगू? बाबा विचारतीन ना, त्या पोराले येते काय."

मी चिडलो. गॅरेजवाला आहे म्हणून लाज वाटते का वगैरे बोललो. ती शांतपणे ऐकत होती, तिचं हे शांत राहणं मला सहन होत नाही.

"गॅरेजचं मले काई नाही. पन तू सुरू केलेलं अन् पुरं झालेलं एक काम दाखव, शुभम. एकच. मी बाबासमोर उभी राह्यते."

म्हटलं, "तुमच्याच गाडीचं काम मी करून राह्यलो."

"मंग सांग ना बाबाले."

"चाचाने शब्द देल्ला हाय, मी हात लावत नाही म्हून."

"म्हंजे काम करतं तू, आन् सांगता येत नाही." बस लागली. "मंग काय उपयोग."

दिवसभर तेच. काय उपयोग. खरंच, काय उपयोग.

सोम. १७

चाचा खामगावला, भाच्याचं लग्न. बुधवारी येणार. संभाजीनगरहून ट्रॅव्हल्सने पार्सल आलं: पाईप, बेंड, फ्लँज. जाळी नाही. फोन केला तर माणूस थंडपणे म्हणतो, "गुरुवारी मिळेल." जसं काही गुरुवार सगळ्यांना परवडतो. काकांना गाडी बुधवारी पाहिजे. रविवारी पाहुणे.

चाचा जाताना बजावून गेलेत, "जाली के बगैर मत बिठाना."

तोपर्यंत पाईप तर करून ठेवू म्हणून कापला, जुळवला. आर्गॉनचं वेल्डिंग स्वतः केलं. तीन वेळा बसवून काढला, एक बेंड स्टेअरिंगच्या रॉडला घासत होता. चौथ्या वेळी असा बसला की जणू कंपनीतूनच आला. टाके एकसारखे, ओळीत. बघत बसलो थोडा वेळ. कॉलेजात अशा एका टाक्याला कोणी मार्क दिले नसते, कारण जर्नलमध्ये समास सोडला नव्हता.

मंगळ. १८

बसवला. जाळीशिवाय.

लिहून ठेवतो, निदान इथे तरी लपवायचं नाही.

हिवऱ्याच्या रस्त्याने चालवून पाहिली. तिसऱ्या गिअरला पाय दाबला आणि सीटने पाठीत धक्का दिला. आधी ही गाडी विचार करून पळायची, आता आधी पळते. आवाज जाड, पोटातून येणारा. एका ढाब्यावरचे लोक उठून बघायला लागले.

जाळी कोण मागतंय, असं वाटलं. खरंच वाटलं.

बुध. १९

चाचा आले, गाडीखाली वाकले. "जाली किधर है?"

"नंतर टाकू."

सरळ झाले आणि रुमालाने मान पुसत राहिले. शिवी दिली असती तर बरं. तेवढ्यात काका आले, चक्कर मारायला घेऊन गेले, आले ते वीस वर्षांनी लहान होऊन.

"रफिकभाई, तुमच्या हातात जादू हाय. नाहीतर हे आजकालचे पोट्टे." माझ्याकडे बघून.

"ऊपरवाले की मेहरबानी, शेठ."

मेहरबानी वरच्याची असेल. टाके माझे होते.

गाडी गेल्यावर चाचांवर भडकलो. सांगितलं काऊन नाही, एक शब्द तर बोलायचा. चाचा म्हणाले, "बोल देता. फिर ये भी बोलना पडता, के जाली नहीं है. बोलूं?"

पाना फेकला. माझ्याच सायकलीला लागला.

शुक्र. २१

जाळी काल आली. कपाटावर ठेवलीय, खोक्यातच.

स्टँडवर वै.: "गाडी लय पयते. बाबा सगळ्यायले फिरवून आनून राह्यले, बीबी गावाले आत्याकडे बी जाऊन आले." मी फुगलो. मग म्हणाली, "पन मांगच्या सीटवर धुराचा वास येते. आईचे डोये चुरचुरतेत. बाबा म्हनते काच उघड. आन् कालपासून एक पिवळा दिवा लागून राह्यला समोर."

तो दिवा का लागला ते मला माहीत आहे. मागचा सेन्सर बघत असतो, जाळीने धूर साफ केला की नाही. जाळीच नाही म्हटल्यावर तो चुगली करणारच. तारेला जोडलेली बोटभर वस्तू, पण चहाडखोर. रागाने म्हटलं की तो सेन्सरच फसवता येतो, एक जुगाड आहे. तिने विचारलं, फसवाचं काऊन? मग सगळं सांगून टाकलं. जाळी, गुरुवार, सगळं.

"म्हंजे हे बी."

पुढचा, तिच्या बाबांचा शब्द तिने वापरला नाही. वापरला असता तर भांडता तरी आलं असतं.

आज पूर्ण दिवस राग कोणावर काढायचा ते ठरेना. काकांवर काढला तर आईचे डोळे आठवतात. तिच्या आईचे.

शनि. २२

काका आले दुपारी. पीयूसीचा कागद हातात, नापास. चहाची वेळ, चार माणसं बसलेली.

"रफिकभाई, दिवा लागते, वास मारते, आन् हे पाहा. कोनं केलं हे?"

चाचांनी पेला खाली ठेवला. "शेठ, वो मैंने..."

"मी केलं," म्हटलं.

मग थांबताच येईना. गेज मी लावला, पाईप मी केला, जाळी आली नव्हती, चाचांनी नाही म्हटलं होतं तरी मी बसवला. दहा दिवस जे सांगायला जीव जात होता ते सांगायला मिळालं, ते असं. कामाचं नाव घ्यायला गेलो आणि हातात नापासचा कागद आला.

काका म्हणाले, "गाडी वर घे."

रॅम्पवर घेतली. काका खाली गेले, उजेडाला बॅटरी मागितली, आणि प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं. दुकानात पाईप घेताना फिरवतात तसं.

"हे सांधे कोनाचे?"

"माझेच."

"गयते का कुठी?"

"नाही. साबनाचं पानी मारून पाह्यलं."

"हं." बाहेर आले. "येवढं काम केलं आन् वरून माती कालवली. दोन दिवस थांबता नाही आलं?"

"रविवारच्या आत पाहिजे होतं."

"काऊन? गाडी मले पाहिजे होती बुधवारी. रविवारी तुले काय हाय?"

चौघांचे पेले तोंडाजवळ थांबले. मी चिडलोच होतो, म्हणून निघून गेलं, "रविवारी तुमच्या घरी पाहुणे हायेत ना."

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांनी मारलं असतं तर मीही तयार होतो. पण ते कागदाची घडी घालत बसले. चार घड्या.

"जाळी आज टाक. गाडी उद्या घरी आनजो. दहाच्या आत." चाचांकडे वळून, "तुमी नका येऊ, रफिकभाई. यालेच धाडजा."

रवि. २३, सकाळ

जाळी काल टाकली. दिवा गेला. वास नाही. आवाज उतरला, ओढ जरा कमी झाली. खरं सांगायचं तर जरा म्हणजे जराच. चाचा पहिल्यापासून बरोबर होते आणि याचाही राग येतोच आहे.

यालेच धाडजा. म्हणजे काय. पाहुण्यांसमोर हाच तो मेकॅनिक म्हणून दाखवायचं असेल. किंवा चार भिंतींच्या आत झाडायचं असेल, गॅरेजवर गर्दी होती म्हणून. किंवा.

वै.चा मेसेज: बाबा आईला म्हणाले पोहे एका माणसाचे जास्त टाक. मी विचारलं, कोणासाठी. ती लिहिते, विचारलं नाही, तूच येऊन पाहा. शेळके काका त्यांच्या दुकानाच्या टेम्पोवाल्यालाही पोहे देतात. मी स्वतः पाहिलंय.

नऊ वाजले. आई दोन शर्ट घेऊन दारात उभी आहे, एक गॅरेजचा धुतलेला, एक चांगला. विचारतेय कोणत्याला इस्त्री करू.

म्हटलं, दोन्हीले कर.